एलईडी दिव्याच्या पोटातली उष्णता कशी अजमावावी?



गेल्या हंगामात एक सभासद पिशवीभर बल्ब घेऊन आमच्या विद्युत विभागात आले. सगळे एलईडीचे, ९ वॅटचे, आणि सगळे बंद पडलेले. टेबलावर एकेक मांडत म्हणाले, "साहेब, ह्यो दिवा थंड असतोय म्हणून सांगत्यात. मग विहिरीवरचा दोन वर्षांत तीनदा गेला कसा? माजघरातला पहिल्यापासनं तसाच हाय. दिवा त्योच, दुकान त्येच. चुकतंय कुठं?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईना. शिवाय विहिरीवरचा दिवा ही काही चैनीची वस्तू नाही. शेतीची वीज रात्रपाळीत येते तेव्हा माणसाला अंधारात उसातून वाट काढत मोटार चालू करायला जावे लागते. उसाच्या फडात साप असतो, आणि आता बऱ्याच भागांत बिबट्याही असतो. अशा वेळी मोटारघराचा दिवा गेलेला असला म्हणजे काय वाटते, हे सभासदांना मी सांगण्याची गरज नाही. म्हणून हा विषय थोडा खोलात जाऊन मांडतो.

प्रथम "थंड" या शब्दाचा निकाल लावू. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंशांपर्यंत तापते आणि तापते म्हणूनच उजळते. तिथे उष्णता हीच प्रकाशाची आई. १०० वॅटमधले जेमतेम पाच वॅट उजेड होऊन बाहेर पडतात, बाकी बहुतेक सगळी उष्णता. पण ही उष्णता किरणांच्या रूपाने थेट बाहेर निघून जाते. म्हणून पिवळ्या बल्बखाली हात धरला तर चटका बसतो, थंडीत पिलांना ऊब मिळते. एलईडीचे उलटे आहे. त्यातला उजेड तापण्यातून येत नाही. अर्धवाहकाच्या बारीक तुकड्यात दोन प्रकारचे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि त्या सांध्यातून वीज गेली की उजेड बाहेर पडतो. या सांध्याला जंक्शन म्हणतात. (आपला पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर पिवळट पावडरीचा लेप. तो निळा एलईडी साधणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.)

आता हिशेब बघा. चांगल्या एलईडीतसुद्धा आत गेलेल्या विजेपैकी साधारण तिसरा हिस्साच उजेड होतो. उरलेले दोन हिस्से उष्णताच. आणि ही उष्णता पिवळ्या बल्बसारखी किरणांवाटे समोर फेकली जात नाही. ती त्या मोहरीएवढ्या तुकड्यातच जन्मते आणि मागच्या बाजूने, धातूमधून, पायरी-पायरीने बाहेर पडते. समोरून हात लावावा तर दिवा थंड आणि मागून हात लावावा तर पोळतो, त्याचे कारण हे. दिवा थंड नाही, फक्त त्याचा घाम पाठीवर येतो.

जंक्शनला आपण हात लावू शकत नाही, तिथे थर्मामीटरही घालता येत नाही. मग तिथले तापमान कळणार कसे? ते बाहेरून आत मोजत जाऊन काढावे लागते. ही रीत आपल्याला नवी नाही. पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. पाणी उताराने वाहते. पाटात गाळ आणि गवत माजले असेल तर तेवढेच पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत न्यायला वरच्या तोंडाला पाणी अधिक उंच तुंबावे लागते. उष्णतेचे तसेच आहे. पाण्याच्या उंचीऐवजी इथे तापमान आणि पाटाच्या धारेऐवजी वॅट. वाटेत अडथळा जेवढा जास्त, तेवढी आतली बाजू जास्त तापलेली. कारखान्यात ज्यूस हीटरच्या नळ्यांना आतून खवले धरले की वाफ तेवढीच देऊनही रस नीट तापत नाही, तो हाच अडथळा. त्याला औष्णिक रोध म्हणतात आणि तो "दर वॅटला किती अंश" असा मोजतात. दर वॅटला १५ अंश रोध आहे याचा अर्थ, त्या वाटेने एक वॅट उष्णता जायची असेल तर आतली बाजू बाहेरच्यापेक्षा १५ अंश जास्त तापलेली राहणार.

एवढे समजले की सूत्र तोंडपाठ करायची गरज नाही. बाहेरच्या कवचाचे तापमान मोजायचे, त्यात वाटेतल्या प्रत्येक अडथळ्याची चढण मिळवायची. उत्तर जंक्शनचे.

त्या सभासदांच्याच बल्बचा हिशेब करू. बल्ब ९ वॅटचा. त्यातला सुमारे १ वॅट ड्रायव्हरमध्ये, म्हणजे वीज बदलून देणाऱ्या मानेतल्या पट्टीत जातो. उरले ८ वॅट एलईडीला. त्याचा तिसरा हिस्सा उजेड धरला तर ५.३ वॅट उष्णता. आतल्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर १० एलईडी आहेत असे धरू, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ०.५३ वॅट. असल्या एलईडीचा जंक्शनपासून डाखाच्या जागेपर्यंतचा रोध दर वॅटला १५ अंशांच्या आसपास धरायला हरकत नाही. अचूक आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात असतो. ०.५३ गुणिले १५ म्हणजे ८ अंश. चकतीपासून बाहेरच्या कवचापर्यंत आणखी ८ अंश धरू. हलक्या बल्बात चकती नुसती दाबून बसवलेली असते, तिथे ही चढण जास्तही निघते. आता ३० अंश हवेच्या खोलीत, उघड्यावर, तासभर जळलेल्या बल्बचे कवच ७० अंश भरले, तर जंक्शन ७० अधिक ८ अधिक ८ म्हणजे ८६ अंशांवर आहे. हे चालण्यासारखे आहे. साधारण १०५ ते १२५ अंशांची कमाल मर्यादा बऱ्याच एलईडींना दिलेली असते. मात्र मर्यादेला टेकून रोज जाळणे म्हणजे बैलाला रोज पल्ल्याच्या ओझ्याने हाकणे. चालतो, पण किती दिवस?

आता हे कवचाचे तापमान मोजायचे कसे, ते नीट सांगतो, कारण चुका सगळ्या इथेच होतात.

पहिली गोष्ट सुरक्षेची. हलक्या फ्लडलाइटचे धातूचे अंग अर्थिंग नसेल तर वीज मारू शकते. आधी टेस्टर लावा, मगच हात. आणि चालू बल्ब उघडून त्याच्या आत काही मोजायला कोणीही जाऊ नये. पुष्कळ बल्बांत एलईडीची माळ सरळ घरच्या विजेशी जोडलेली असते आणि तिच्यावर दोन-तीनशे व्होल्ट असू शकतात. ती जागा वायरमनचीसुद्धा नाही.

मोजण्याचे उत्तम साधन म्हणजे थर्मोकपलची तार असलेला मल्टिमीटर. आजकाल असे मीटर फार महाग राहिलेले नाहीत. दिवा बंद आणि थंड असताना तारेचे टोक कवचाच्या सगळ्यांत जास्त तापणाऱ्या जागी, म्हणजे एलईडीच्या थेट पाठीमागे, चांगले टेकवून उष्णता सोसणाऱ्या टेपने चिकटवावे. टोक हवेत लोंबत राहिले तर हवेचेच तापमान दिसते. मग दिवा लावून वाट बघायची. बल्बला तासभर, मोठ्या फ्लडलाइटला दीड-दोन तासही लागतात. पंधरा मिनिटांत एक अंशही वाढ झाली नाही, म्हणजे आता जेवढी उष्णता निर्माण होते तेवढीच बाहेर जाते असे समजावे आणि तेव्हाचा आकडा लिहून घ्यावा. त्याच वेळी दोन हातांवरच्या सावलीतल्या हवेचे तापमानही लिहावे. हे दुसरे तापमान बहुतेक जण विसरतात आणि मग पहिले फुकट जाते.

लांबून नेम धरायची बंदूक, म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर, आता पुष्कळांकडे आहे. तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. चकचकीत अॅल्युमिनियमवर ती हमखास कमी दाखवते, कारण असा पत्रा स्वतःची उष्णता फार थोडी फेकतो आणि आजूबाजूचीच परत पाठवतो. ७० अंशांचा पत्रा ती ४० दाखवील. त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून, तो तापू देऊन, त्या टेपवर नेम धरला तर आकडा भरवशाचा मिळतो. मात्र बंदूक जवळ न्यावी. लांबून धरली तर टेपबरोबर बाजूचा पत्राही मोजला जातो.

दोन्ही नसेल तर हात आहेच. आमचे जुने फिटर मोटारीच्या बेअरिंगवर तळहात ठेवून सांगत की बरं आहे की नाही. ४५ अंशांपर्यंत हात निवांत टेकतो. ५०-५५ ला काही सेकंद कसाबसा धरवतो. ६० च्या वर गेले की हात आपोआप मागे येतो. याच्या जोडीला मेणबत्तीचे मेण वापरावे. पॅराफिनचे साधे मेण साधारण ५५ ते ६० अंशांना वितळते. बंद दिव्याच्या पाठीवर मेणाचा छोटा कण ठेवून दिवा लावा. तो तासाभरात पाणी झाला तर कवच साठीच्या घरात किंवा वर आहे. नेमका आकडा नाही मिळत, पण नेम न लागणाऱ्या बंदुकीपेक्षा बरा.

आता ही हवेची नोंद कशासाठी, ते पाहू. कवच हवेपेक्षा किती अंश वर आहे, हा फरक त्या दिव्याचा जवळजवळ कायमचा गुण असतो. हवा बदलली तरी तो फारसा बदलत नाही. वरच्या बल्बचा फरक ७० वजा ३० म्हणजे ४० अंश. म्हणजे पौषातल्या रात्री १५ अंशांत हाच बल्ब कवचाला ५५ भरेल आणि वैशाखात ४० अंशांत ८० भरेल. थंडीत मोजून "काही तापत नाही" असे म्हणू नये, मोजलेल्या आकड्यात उन्हाळ्याची भर घालून बघावे. पत्र्याच्या मोटारघरात संध्याकाळी सातलासुद्धा आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच गरम असते. ती हवा धरायची, रेडिओवर सांगितलेली नव्हे.

एवढे झाल्यावर मी त्या सभासदांना विचारले, की विहिरीवरचा बल्ब लावलाय कसा? तेव्हा खरी गोष्ट निघाली. पाऊस आणि किडे लागू नयेत म्हणून त्यांनी बल्बवर लोणच्याची काचेची बरणी उलटी बसवून तोंडाला एम-सीलने घट्ट बंद केले होते! किडा आत जात नव्हता, आणि उष्णता बाहेर येत नव्हती.

बरणीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा २५ अंश जास्त तापते असे धरू. मे महिन्याची ४० अंशांची रात्र धरली तर बल्बच्या भोवती ६५ अंश झाले. त्यावर बल्बचे ४० अंश. कवच १०५. त्यावर आतले १६. जंक्शन १२१ अंश. म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर.

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांचे तिन्ही बल्ब आम्ही फोडून पाहिले, तेव्हा एलईडी जवळजवळ शाबूत होते. गेला होता तो ड्रायव्हरमधला कपॅसिटर. डोके फुगून वर आलेले. एलईडी स्वतः एकदम मरत नाही, हळूहळू मंद होत जातो. मूळच्या उजेडाचा ७० टक्के राहिला की त्याचे आयुष्य संपले असे धरण्याची रीत आहे. खोक्यावर २५,००० तास छापलेले असतात, त्यामागे असली मोजणी असते. एलईडीचे उत्पादक आपला माल ५५, ८५ अशा ठरलेल्या तापमानांवर निदान ६,००० तास जाळून उजेडाची घट मोजतात आणि पुढचा अंदाज बांधतात. त्यातही चाचणीच्या तासांच्या सहापटीपेक्षा लांबचा अंदाज सांगू नये असा दंडक आहे. मात्र ही सगळी हमी एलईडीच्या तुकड्याची, मानेतल्या कपॅसिटरची नव्हे.

कपॅसिटरच्या पोटात ओला रस असतो, तो उष्णतेने आटत जातो. त्याचा व्यवहारी ठोकताळा असा: तापमान १० अंशांनी कमी केले की आयुष्य दुप्पट, १० अंशांनी वाढवले की निम्मे. कपॅसिटरवर "१०५ अंश" असे लिहिलेले असते. हलक्या प्रतीचा असा कपॅसिटर त्या तापमानाला २,००० तास टिकतो असे धरू. ९५ ला ४,००० तास, ८५ ला ८,०००, ७५ ला १६,०००. उघड्या बल्बच्या मानेत कवचाचे ७० आणि वर पाचेक अंश म्हणजे ७५ होतात. रोज १० तास जळला तर १,६०० रात्री, साडेचार वर्षांच्या जवळपास. बरणीतल्या बल्बच्या मानेत उन्हाळ्यात ११० आणि वर्षाची सरासरी शंभरीच्या आसपास. १०० अंशांना हिशेब येतो २,८०० तासांचा, म्हणजे २८० रात्री. सव्वानऊ महिने! दोन वर्षांत तीन बल्ब का गेले, ते कागदावर उतरले.

माजघरातला दिवा रोज चारच तास लागतो आणि विहिरीवरचा रात्रभर, हा फरकही आहेच. तो धरूनसुद्धा सगळी तफावत भरून येत नाही. उरलेली बरणीच्या खात्यावर.

आता थोडे जास्त जिज्ञासू सभासदांसाठी, विशेषतः सोलर दिवे लावलेल्यांसाठी, दुसरी रीत. मोटारीच्या वाइंडिंगचे तापमान आम्ही आत थर्मामीटर न घालता काढतो. तांब्याचा रोध तापमानाबरोबर ठरलेल्या प्रमाणात वाढतो. ३० अंशांना थंड वाइंडिंगचा रोध ४ ओहम आणि दिवसभर चालून थांबवल्यावर लगेच मोजला तर ५ ओहम. २३४.५ मध्ये ३० मिळवून २६४.५, त्याला सव्वाने गुणून ३३०.६, त्यातून २३४.५ वजा. वाइंडिंग ९६ अंशांवर. वाइंडिंगच स्वतःचा थर्मामीटर झाले. एलईडीही असाच आपला ताप आपणच सांगतो. त्याला सुमारे ३ व्होल्ट लागतात आणि तापला की तो दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्ट कमी मागतो. अट दोन गोष्टींची. ड्रायव्हर प्रवाह कायम राखणारा हवा आणि दिवा १२ व्होल्टच्या बॅटरीवरचा हवा. घरच्या विजेवरच्या दिव्याला ही रीत लावू नये, कारण वर सांगितलेच.

समजा सोलर दिव्यात १० एलईडी एकामागून एक जोडलेले आहेत. पहाटे २० अंशांत, रात्रभर बंद ठेवलेला दिवा चालू करून पहिल्याच सेकंदाला माळेच्या दोन टोकांवरचे व्होल्ट वाचा, ३०.५६. दुपारी सावलीत ३८ अंशांत दोन-तीन तास बंद ठेवून पुन्हा तसेच वाचा, ३०.२०. फरक ०.३६ व्होल्ट, म्हणजे एका एलईडीमागे ३६ मिलिव्होल्ट. ते १८ अंशांचे. दर अंशाला २ मिलिव्होल्ट. झाली आपली पट्टी तयार, माहितीपत्रकाची गरज नाही. आता संध्याकाळी २८ अंशांत दिवा लावला तेव्हा ३०.४० होते आणि तासाभराने २९.६० झाले. घट ०.८० व्होल्ट, एकामागे ८० मिलिव्होल्ट, म्हणजे ४० अंशांची चढण. जंक्शन ६८ अंशांवर. पहिला आकडा वाचेपर्यंत तुकडा चार-दोन अंश चढलेलाच असतो, तेव्हा उत्तरात तेवढी भर घालून सत्तरीच्या वर-खाली धरावे. दिवा सुस्थितीत आहे. हीच मोजणी दोन वर्षांनी परत केली आणि ६८ चे ८५ झालेले दिसले, तर बुडाशी धूळ साचली आहे किंवा आतला उष्णता वाहणारा लेप सुकला आहे असे समजावे. आमच्या मिल हाऊसमधल्या दिव्यांच्या पाठीच्या पंख्यांवर हंगामात बगॅसचा भुसा असा बसतो की पंखे दिसेनासे होतात. तो झाडला नाही तर दिवा तापतो, आणि भुसा पेट घेण्याचाही धोका असतो तो वेगळाच.

त्या सभासदांनी बरणी काढली. तिच्या जागी पत्र्याची उतरती टोपी लावली, खालून उघडी आणि बल्बपासून चार बोटे दूर. मग थर्मोकपल चिकटवून मोजले. हवा ३१ अंश, कवच ७३. किडे येतात, आठवड्याला फडक्याने पुसावे लागते, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे.

ज्यांचे दिवे वारंवार जात असतील त्यांनी विद्युत विभागात येताना नुसता बल्ब आणू नये. बल्ब किती वॅटचा, रोज किती तास जळतो, कशात बसवला आहे, उघडा की बंद, आणि जमल्यास कवचाचे व हवेचे तापमान, एवढे एका कागदावर लिहून आणावे. थर्मोकपलचा मीटर विभागात आहे. तो नेऊन दुसऱ्या दिवशी परत करण्याच्या बोलीवर मिळेल.